पहिला पसंतीक्रम कुणाचा?

अकरावीचे प्रवेश २०२५ पासून राज्यभर एकाच केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होऊ लागले. अर्जात किमान १ आणि कमाल १० पसंतीक्रम भरता येतात. बाबांना सायन्स हवं, मुलीला आर्ट्स. मग ‘वर तुमचं, खाली माझं’ अशी तडजोड होते. तीच अंगाशी येते. पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं की प्रवेश घ्यावाच लागतो. नाकारला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून विद्यार्थी बाद. २ ते १० मधलं लागलं, तर मात्र थांबून पुढच्या फेरीची वाट बघता येते. गेल्या वर्षीची कटऑफ यादी समोर ठेवून भांडलेलं बरं. निम्मे वाद तिथेच निकाली निघतात. एकमत होईपर्यंत अर्ज लॉक करू नका.