स्थूलाकडून सूक्ष्माकडे : अरुंधतीदर्शन

भाद्रपद शुद्ध पंचमीस घरोघरी सप्तर्षींचे पूजन होते. सात सुपाऱ्या ऋषींच्या, आठवी वसिष्ठपत्नी अरुंधतीची. व्रतस्थ माउल्या बैलाच्या श्रमाचे अन्न वर्ज्य करून ऋषीची भाजी सेवितात. परंतु जिला हळदकुंकू वाहिले, ती अरुंधती आकाशात ओळखणारी घरे किती उरली?

विवाहात वधूस ध्रुव व अरुंधती दाखवावी, असा गृह्यसूत्रांचा विधी. आम्ही मात्र पाहतो ते असे की, मांडवाच्या कापडाकडे बोट दाखविले जाते, वधू ‘दिसली’ म्हणते आणि विधी उरकतो. अग्निसाक्ष संसाराचा आरंभच असत्याने व्हावा, ही गोष्ट लहान नव्हे.

शास्त्रकारांचा ‘स्थूलारुंधतीन्याय’ प्रसिद्ध आहे. आधी जवळचा ठळक तारा दाखवावा, मग त्याच्या आधाराने सूक्ष्म अरुंधती. सप्तर्षींच्या शेपटीतील मधला तारा वसिष्ठ. त्याला बिलगलेला मंद बिंदू ती अरुंधती. नाशिक शहराच्या झगमगाटात ती हरवते. त्र्यंबकेश्वर तालुक्यातील डोंगराळ हरसूलकडे ढग निवळले की नुसत्या डोळ्यांनी दिसते.

याच न्यायाने ज्योतिर्विद पुढे गेले. १६१७ मध्ये इटलीतील कास्तेली यांना दुर्बिणीतून एकटा वसिष्ठच दोन तारे दिसला. हे दोघे परस्परांभोवती फिरतात. एका फेरीस हजारो वर्षे लागतात. १८८९ मध्ये हार्वर्ड वेधशाळेच्या पिकरिंग यांनी वर्णपटातील रेषा कधी एकेरी, कधी दुहेरी होताना पाहून जाहीर केले की, त्यांतील तेजस्वी ताराही जोडीच आहे. हे युग्म सुमारे साडेवीस दिवसांत एक प्रदक्षिणा पुरी करते. दुसऱ्या ताऱ्याच्या जोडीस सुमारे १७५ दिवस लागतात. २००९ मध्ये अरुंधतीचाही एक मंद सहचर सापडला. सुमारे ८० प्रकाशवर्षांवरील हे सहा ताऱ्यांचे कुटुंबच ठरले!

साडेवीस दिवसांच्या युग्मात कोणी स्थिर आणि कोणी सेवक नाही. दोघांचे वस्तुमान जवळजवळ समान. दोघेही मधल्या समाईक बिंदूभोवती फिरतात. कक्षा लांबट असल्याने कधी निकट येतात, कधी दुरावतात. बंध मात्र तुटत नाही. वधूवरांस याहून सुंदर आशीर्वचन आम्हांस सुचत नाही.

हे सारे प्राचीन ऋषींस ठाऊक होते, असे आम्ही कीर्तनात सांगत नाही. त्यांनी डोळ्यांस पाहण्याची शिस्त लावली, हेच त्यांचे ऋण थोर आहे. ते फेडावयाचे तर आज दिवेलागणीनंतर मुलांना घेऊन अंगणात यावे, वायव्येस पाहावे. ढग असल्यास वैशाखातील रात्रींची वाट पाहावी; तेव्हा सप्तर्षी उत्तरेस उंच असतात. आणि मांडवात अरुंधती दिसली नाही, तर वधूने निःसंकोच ‘नाही’ म्हणावे. वडीलधाऱ्यांनी तिला मोकळ्या आकाशाखाली न्यावे. सत्याने घडलेले दर्शन उशिरा झाले तरी मंगलच असते.