दडविलेल्या डबीचा शोध

लपंडाव मुलांना नवा नाही. पण लपविणारा दूर निघून गेला आहे आणि शोधणाऱ्यांच्या हाती केवळ अक्षांश-रेखांश व जीपीएस यंत्र आहे, असाही एक खेळ आहे. त्याचे नाव जिओकॅशिंग. उपग्रहांच्या संकेतांत मुद्दाम ठेवलेली चूक अमेरिकेने मे २००० मध्ये काढून टाकली. तोवर सामान्यांच्या यंत्राची १०० मीटरपर्यंत फसगत होत असे. ३ मे रोजी डेव्ह उल्मर यांनी ऑरेगनमध्ये एक बादली दडवून तिचे स्थान जाहीर केले आणि खेळाचा आरंभ झाला. २०१० साली अमेरिकेच्या बालवीर संघटनेने त्यासाठी प्रावीण्यचिन्हही ठेवले.

लहानग्यांना प्रथम जवळची जागा आणि मोठी डबी द्यावी. यंत्र काही मीटरांपर्यंत नेऊन सोडते. पुढचे काम डोळ्यांचे. डबी सापडली की आतल्या वहीत नाव लिहावे, एखादी वस्तू घेतल्यास तितक्याच मोलाची दुसरी ठेवावी आणि डबी होती तेथेच पुन्हा दडवावी.

त्या वेळी तेथे पाहणारे कोणी नसते. मागून येणाऱ्या मुलाचा आनंद मात्र या मुलाच्या सचोटीवर अवलंबून असतो. बालवीर आपल्या सन्मानाला स्मरून वचन घेतो. त्या वचनाची कसोटी अशाच निर्जन जागी लागते.