तारवाला हेडफोन घेताना काय पाहावे?

मोबाइलच्या दुकानात आज पुढच्या काचेत बिनतारी इअरबडच्या चकचकीत डब्या मांडलेल्या असतात. तारवाले हेडफोन मागच्या खिळ्यावर टांगलेले असतात आणि ग्राहकाने मागितले तरच खाली उतरतात. तरीसुद्धा ज्याला फुरसतीत गाणी, कव्वाली, बातम्या किंवा एखादे भाषण ऐकायचे आहे आणि खिशाचाही विचार करायचा आहे, त्याच्यासाठी तारवाला हेडफोन हा आजही फायद्याचा सौदा आहे.

कारणे सरळ आहेत. त्यात बॅटरी नसते, म्हणून चार्जिंगची कटकट नाही. बिनतारी बडची बारीक बॅटरी दोन-तीन वर्षांत दम सोडू लागते आणि ती बदलण्याची सोय बहुधा नसते. मग चांगला चालणारा मालही फेकावा लागतो. तारवाल्यात एक बड गटारात पडला आणि जोडी मोडली असे होत नाही. चित्र आणि आवाज मागेपुढे होत नाहीत. शिवाय तार तुटली तर हुशार कारागीर ती जोडून देऊ शकतो. त्याच पैशात बिनतारी माल घेतला तर किमतीचा मोठा हिस्सा बॅटरी, चिप आणि डबीत जातो. तारवाल्यात तो आवाजाच्या यंत्रावर खर्च होऊ शकतो.

मात्र माल पारखून घेतला पाहिजे. आम्ही कापडवाले ठाणाची घडी उलगडल्याशिवाय सौदा करीत नाही. हेडफोन मात्र डबीवरचे चित्र पाहून घेतला जातो आणि आठवड्यात एक कान बंद पडला की नशिबाला दोष दिला जातो.

आधी फोनचे भोक पाहा

सोनी कंपनीने 1979 साली जपानमध्ये वॉकमन बाजारात आणला आणि हलका हेडफोन घराघरांत पोहोचला. कोकणातून आखातात गेलेल्या आपल्या लोकांनी सुट्टीवर येताना टेपरेकॉर्डरबरोबर वॉकमनही आणले, हे अनेकांना आठवत असेल. त्या वॉकमनला जी साडेतीन मिलिमीटरची गोल पिन लागत होती, तीच पिन आजही बहुतेक तारवाल्या हेडफोनला असते. पण 2016 साली ॲपलने आयफोन 7 मधून हे गोल भोक काढून टाकले. पुढे इतर कंपन्यांनीही तोच रस्ता धरला. आज अनेक फोनला फक्त टाइप-सी चार्जिंगचे भोक असते. म्हणून हेडफोन पसंत करण्याआधी आपला फोन उलटसुलट करून पाहावा.

गोल भोक असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तर दोन मार्ग आहेत. एक, टाइप-सी पिनचाच तारवाला हेडफोन घ्यावा. दुसरा, गोल पिनचा हेडफोन घेऊन मध्ये छोटा जोड लावावा. हा जोड घेताना फसगत होते ती अशी: काही जोडांमध्ये नुसत्या तारा असतात, तर काहींमध्ये आवाज तयार करणारी चिप असते, जिला डॅक म्हणतात. बिनचिपचा जोड थोड्याच फोनवर चालतो. चिपचा जोड थोडा महाग पडतो, पण बहुतेक फोनवर चालतो. दुकानदाराला स्पष्ट विचारावे, ‘डॅकवाला आहे का?’ आणि आपल्याच फोनला लावून पाहावे. जुना आयफोन असेल तर त्याचे भोक टाइप-सीपेक्षा वेगळे असते; टाइप-सी आयफोन 15 पासून, म्हणजे 2023 पासून आले.

पिनेवरच्या काळ्या कड्याही मोजाव्यात. दोन कड्या असतील तर तो फक्त ऐकण्याचा हेडफोन आहे. तीन कड्या असतील तर त्यात बोलण्याचा माईकही आहे. कधीकधी गाणे लावल्यावर वाद्ये ऐकू येतात, पण गायकाचा आवाज कुठेतरी खोल विहिरीतून आल्यासारखा वाटतो किंवा जवळजवळ गायब होतो. अशा वेळी हेडफोन खराब आहे असे लगेच समजू नये. पिन पूर्ण आत गेलेली नसते, किंवा त्या हेडफोनच्या जोडण्या जुन्या पद्धतीच्या असतात. पिन दाबून बसवूनही फरक पडत नसेल आणि माईकचे बटण दाबून ठेवल्यावरच गाणे नीट होत असेल, तर तो हेडफोन त्या फोनसाठी नाही, हे समजावे.

कानात बसणे हीच खरी परीक्षा

स्वस्त हेडफोनच्या बाबतीत सर्वांत मोठी तफावत किमतीने पडत नाही, ती कानात कसा बसतो याने पडते. रबरी टोपीचा इअरफोन कानात घट्ट बसला नाही तर जाड आवाज, म्हणजे तबल्याचा बायाँ किंवा ढोलकीची थाप, बाहेर निसटून जातो. गाणे पातळ आणि टोचरे वाटते. ग्राहक म्हणतो, ‘यात बास नाही.’ मग तो आवाज वाढवतो. वास्तविक दोष मालाचा नसतो, रबराच्या मापाचा असतो.

डबीत साधारणपणे लहान, मध्यम आणि मोठे असे तीन जोड रबर मिळतात. मध्यम चढवलेले असते आणि बाकीचे दोन बहुतेक लोक डबीसकट फेकून देतात. तसे करू नये. तिन्ही लावून पाहावेत. नीट बसल्याची खूण अशी की, हेडफोन घालून आपण बोललो तर आपलाच आवाज डोक्यात भरल्यासारखा वाटतो. दोन्ही कानांची मापे वेगळी निघाली तरी नवल मानू नये. एका कानाला मध्यम, दुसऱ्याला लहान असे चालते.

प्रकार निवडताना आपण कुठे बसून ऐकणार आहोत, याचा विचार करावा. रबरी टोपीचा इअरफोन बाहेरचा गोंगाट अडवतो, म्हणून तो लोकल, एसटी आणि बाजारासाठी बरा. बिनरबराचा साधा बड कानाच्या तोंडावर बसतो, बाहेरचे बोलणे ऐकू येते. गल्ल्यावर बसणाऱ्याला किंवा जरीच्या अड्ड्यावर चार जणांबरोबर काम करणाऱ्या कारागिराला तो सोयीचा. डोक्यावरून येणारा स्पंजचा किंवा गादीचा हेडफोन घरात निवांत ऐकण्यासाठी उत्तम. कानात काही खुपसलेले ज्यांना सोसत नाही, त्यांनी तोच घ्यावा. गाडी चालवताना मात्र यांपैकी कोणताही नको.

डबीवरचे आकडे

डबीवर ‘20 ते 20,000 हर्ट्झ’ असे छापलेले असते. माणसाच्या कानाची मर्यादाच तेवढी आहे आणि वय वाढते तशी वरची बाजू कमी होत जाते. त्यामुळे कोणी 40,000 छापले म्हणून जादा पैसे देण्याचे कारण नाही. ‘10 एमएम ड्रायव्हर’ म्हणजे आतल्या कंप पावणाऱ्या पडद्याचा व्यास. मोठा पडदा म्हणजे चांगला आवाज, असा हिशेब नाही. सूत जाड असले म्हणून कापड चांगले ठरत नाही, तसेच हे.

कामाचा आकडा एकच, ओहमचा. मोबाइलसाठी 16 ते 32 ओहमचा हेडफोन योग्य. 250 किंवा 300 ओहमचे हेडफोन स्टुडिओसाठी असतात. कोणी स्वस्तात देत असला तरी घेऊ नये, कारण मोबाइलला ते जोर लावून वाजवता येत नाहीत. ‘एक्स्ट्रा बास’ ही अक्षरे पाहून भुलू नये. जादा बासमध्ये गायकाचे शब्द दबतात. ज्यांना गझल, कव्वाली किंवा भाषण ऐकायचे आहे, त्यांच्यासाठी शब्द स्वच्छ येणे महत्त्वाचे.

तार आणि पिन

तारवाला हेडफोन बहुधा मरतो तो तारेने. तीन जागा पाहाव्यात: पिनेचे मूळ, जिथे तार दोन भागांत फुटते तो सांधा आणि कानातल्या भागाचे मूळ. तिन्ही ठिकाणी तारेला लवचीक रबरी आधार असावा. तार थेट कडक प्लॅस्टिकमध्ये घुसलेली असेल तर ती तिथेच तुटणार. फोन खिशात ठेवणाऱ्यांसाठी काटकोनात वळलेली पिन जास्त टिकते. काही हेडफोनची तार कानाजवळून सुटी काढता येते. थोडे जास्त पैसे असतील तर हा प्रकार घ्यावा, कारण तार गेली तरी फक्त तारच बदलावी लागते.

तार गुंडाळताना फोनभोवती आवळून गुंडाळू नये, सैल वेटोळे करावे. पिन काढताना तार ओढू नये, पिनेला धरून काढावी.

ज्यांच्या हातात सोल्डरिंगचे हुनर आहे, त्यांच्यासाठी हे किरकोळ काम आहे. पिनेजवळ तुटलेली तार कापून नवी पिन लावता येते. आत साधारणपणे लाल तार उजव्या कानाची, हिरवी किंवा निळी डाव्या कानाची आणि तांब्याच्या रंगाची दोघांची सामाईक असते. या बारीक तारांवर रंगाचे रोगण असते. ते गरम सोल्डरने जाळल्याशिवाय जोड पकडत नाही. नवख्याचा जोड इथेच फसतो.

दुकानात पाच मिनिटांची तपासणी

1. आपलाच फोन आणि आपल्या ओळखीचे गाणे लावावे. दुकानदाराच्या गाण्यावर निवड करू नये.
2. उजवी आणि डावी बाजू सारख्याच जोरात येते का ते पाहावे.
3. गाणे चालू असताना पिनेजवळ, सांध्याजवळ आणि कानाजवळ तार हलके हलवावी. खरखर झाली किंवा आवाज गेला तर तो नग परत करावा.
4. आवाज अर्ध्यावर ठेवून शब्द स्पष्ट येतात का ते ऐकावे. ‘स’ आणि ‘श’ कानाला टोचत असतील तर अर्ध्या तासात डोके दुखेल.
5. माईक असेल तर एक फोन करून पाहावा.

किमतीबद्दल सांगायचे तर शंभर-दीडशेचा माल टिकेल असे धरू नये. साधारण चारशे ते हजार रुपयांत जेबीएल, सोनी, बोट यांसारख्या कंपन्यांचे बरे इअरफोन मिळतात आणि साध्या ऐकण्यासाठी ते पुरेसे आहेत. हजार ते दोन हजारांत सुट्या तारेचा माल किंवा डोक्यावरचा बरा हेडफोन येतो. त्याच्यावर खर्च करावा तो शौकिनाने. वॉरंटी किती दिवसांची आहे आणि ती कुठे मिळते, हे घेतानाच विचारावे.

कारखान्यातील बंधूंसाठी

हेडफोन पाचशेचा, पण कान अनमोल आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने 80 डेसिबलचा आवाज आठवड्याला 40 तास ऐकला तर चालतो. 90 डेसिबल झाला की ही मुदत आठवड्याला अवघी 4 तास उरते. कारण दर 3 डेसिबलला आवाजाची शक्ती दुप्पट होते आणि वेळ निम्मा होतो. फोनचा आवाज 60 टक्क्यांच्या खाली ठेवावा, असा त्यांचा सल्ला आहे.

आता मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीच्या लूमच्या शेडचा विचार करा. तिथला खडखडाट सर्रास 90 डेसिबलच्या वर असतो. त्यावर मात करून गाणे ऐकायचे तर फोन त्याहून मोठा लावावा लागतो. म्हणजे कानावर दुहेरी मार. काम संपल्यावर कानात शिट्टी वाजत राहिली, किंवा समोरच्याला पुन्हा पुन्हा ‘काय म्हणालात?’ विचारावे लागले, तर तो इशारा समजावा. कानाच्या आतल्या बारीक केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत आणि श्रवणयंत्र हजारो रुपयांना पडते. म्हणून लूमवर असताना कानात फोमचे बोळे घालावेत आणि गाणी चहाच्या सुट्टीत शेडबाहेर ऐकावीत. शेठ लोकांनी असे बोळे कामगारांना आणून द्यावेत. खर्च किरकोळ आहे.

दुकानदार बंधूंसाठी दोन शब्द

मोबाइलच्या सामानाच्या धंद्यात आपले अनेक तरुण आहेत. नामवंत कंपनीच्या नावाचा नकली माल ठेवण्याचा मोह होतो, कारण नफा जास्त सुटतो. पण खोट्या व्यापारचिन्हाचा माल विकणे हा 1999 च्या ट्रेडमार्क कायद्याप्रमाणे गुन्हा आहे आणि त्यात सहा महिने ते तीन वर्षे कैद व पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंडाची तरतूद आहे. त्यापेक्षा बिननावाचा माल बिननावाचा म्हणून सांगून विकावा. त्यात कमीपणा नाही.

2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने बिल न देणे हा अनुचित व्यापार ठरवला आहे. सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत परत न घेणे, आणि मुदत लिहिली नसेल तर 30 दिवसांत परत न घेणे, हेही त्यातच येते. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी सदोष मालाच्या बाबतीत ढाल होत नाही. म्हणून माल देतानाच ग्राहकासमोर दोन्ही बाजू वाजवून दाखवाव्यात. त्यात दोन मिनिटे जातात, पण भांडण वाचते आणि गिऱ्हाईक पुढच्या वेळी दुसऱ्याला घेऊन येते.

घेणाऱ्याने इतके लक्षात ठेवावे: आधी फोनचे भोक, मग कानाचे माप, मग तारेचे मूळ आणि शेवटी किंमत. या क्रमाने घेतलेला पाचशेचा हेडफोन नुसत्या नावावर घेतलेल्या दोन हजारांच्या हेडफोनपेक्षा जास्त सुख देतो. कारण तो नीट बसतो, आणि नीट बसला की आवाज वाढवण्याची गरजच पडत नाही.