लासलगावचे विकिरण केंद्र: काय जमते, काय जमत नाही

लासलगावच्या ‘कृषक’ विकिरण केंद्राबद्दल दोन टोकांच्या समजुती ऐकू येतात. एक, तिथे गेलेला माल किरणोत्सारी होतो. दुसरी, तिथून आलेला कांदा वर्षभर जसाच्या तसा राहतो.

पहिलीचा निकाल लवकर लागतो. तिथे वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-६०च्या गॅमा किरणांची ऊर्जा १.१७ आणि १.३३ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट असते. अन्नातल्या अणूंना किरणोत्सारी करायला ती पुरत नाही, आणि मालाचा कोबाल्टशी स्पर्शही होत नाही.

दुसरी जास्त महागात पडते, कारण तिच्यावर पैसे लागतात. विकिरणाने कांद्याचा कोंब थांबतो, एवढेच. ६० ते ९० ग्रे इतक्या थोड्या मात्रेने कोंब धरणाऱ्या पेशींची वाढ खुंटते. सड आणि वजनातली घट मात्र चालूच राहते. ओला, मार लागलेला किंवा नीट न सुकवलेला कांदा विकिरणानंतरही चाळीत सडणारच. वेळही महत्त्वाची. काढणीनंतर कांदा सुप्तावस्थेत असतो, तेव्हाच हे काम व्हावे लागते. आत कोंब हलू लागल्यावर फायदा उरत नाही. म्हणजे उन्हाळ कांद्याला मोजकेच आठवडे मिळतात, आणि सगळ्यांना ते एकाच वेळी हवे असतात. कृषकची रचना ताशी सुमारे १० टन कांद्याची. चोवीस तास न थांबता चालवले तरी दिवसाला २,४०० क्विंटल. हंगामात लासलगावच्या बाजारात रोज येणारा कांदा याच्या कितीतरी पट असतो. ‘केंद्र असून भाव का पडतो’ हा प्रश्न म्हणूनच मला चुकीच्या दारात विचारलेला वाटतो.

‘किरण ते किरण, कांद्याचे यंत्र मसाल्यालाही चालेल’ हाही असाच समज. मसाल्यातले जंतू मारायला हजारो ग्रे लागतात. त्यासाठी वाशीला वेगळा प्रकल्प आहे. आंब्याची गरज तिसरीच. निर्यातीच्या आंब्यातल्या किडीसाठी अमेरिकेला किमान ४०० ग्रे हवे, आणि ताज्या फळांसाठी तिथली कमाल मर्यादा १,००० ग्रे. पेटीच्या कडेला किरण जास्त पोचतात, मध्यभागी कमी. दोन्ही ठिकाणी मात्रा या हद्दीतच राहावी, म्हणून पेटीचा आकार आणि भरण्याची पद्धत आधी ठरते. मग ऐनवेळी मोठी पेटी आणून भागत नाही. शिवाय ४०० ग्रेने कोयीतला भुंगा लगेच मरेलच असे नाही. त्याची पुढची पिढी होत नाही, आणि आयात करणाऱ्या देशाला तेवढेच हवे असते.

२००७ मध्ये अमेरिकी कृषी खात्याने कृषकला मान्यता दिली आणि १८ वर्षांच्या खंडानंतर भारतीय आंबा पुन्हा तिकडे गेला. पण मान्यता मिळाली म्हणजे काम संपले, असे नव्हते. प्रक्रियेसाठी त्यांचा निरीक्षक लागत असे. कोरोनाकाळात, २०२० आणि २०२१ मध्ये, निरीक्षक येऊ शकले नाहीत आणि ही निर्यात थांबली. यंत्रे होती, आंबा होता, शिक्का मारणारा नव्हता.

राहिला क्षमतेचा आकडा. कोबाल्ट-६० दर ५.२७ वर्षांनी निम्मा होतो, म्हणजे वर्षाला साधारण १२ टक्क्यांनी क्षीण होतो. नवा कोबाल्ट भरेपर्यंत तीच मात्रा द्यायला माल वाहणारा पट्टा हळू चालवावा लागतो. माहितीपत्रकातले टन कोबाल्ट भरल्या दिवसाचे असू शकतात. माल पाठवण्याआधी विचारायचे ते हेच: आजचा वेग किती?