अळीला उशीर करा

बंगळुरूच्या हेब्बाळमधल्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोत किडे मारण्यापेक्षा जपण्यावर भर असतो. अशाच जपलेल्या किड्यांपैकी टेलेनोमस रेमस ही गांधीलमाशीच्या कुळातली, मिलिमीटरभरही नसलेली माशी १९६३ मध्ये न्यू गिनीहून भारतात आणली गेली, ती तंबाखूवरच्या पाने खाणाऱ्या अळीसाठी. मे २०१८ मध्ये शिवमोग्ग्याच्या मक्यात अमेरिकन लष्करी अळी सापडली, काही महिन्यांत ती सांगली-सोलापुरातही पोचली आणि ही जुनी पाहुणी नव्याने आठवली.

लष्करी अळीची मादी अंडी थरावर थर रचून घालते, वरून स्वतःच्या अंगावरची लव पांघरते. ट्रायकोग्रामा हा अंड्यांवरचा दुसरा परोपजीवी मित्रकीटक बहुधा वरच्या थराशीच थबकतो. टेलेनोमस आतल्या अंड्यांपर्यंत जाऊन त्यांत आपले अंडे घालते, आणि अळीऐवजी माशी बाहेर पडते.

तरी काही अळ्या सुटतातच आणि मक्याच्या पोंग्यात शिरतात. तिथे त्यांची गाठ पिकाच्या वाणाशी पडते. मोह होतो तो कीड शिवणारच नाही अशा वाणाचा. भातात तो महागात पडला: १९७३ मध्ये आलेले आयआर २६ हे वाण तपकिरी तुडतुड्यांना दाद देत नव्हते, पण काही हंगामांतच तुडतुड्यांनी त्यावर मात केली. अर्धवट प्रतिकार मला जास्त भरवशाचा वाटतो. त्यात कीड मरत नाही, रोडावते. वाढ लांबली की कोवळ्या अवस्थेतले दिवस वाढतात, आणि कोवळी अळीच परोपजीवी माश्या, कोळी, बुरशी यांच्या सहज हाती लागते. ज्वारी-बार्लीवरच्या माव्याबाबत स्टार्क्स, मुनिअप्पन आणि आयकेनबेरी यांनी १९७२ मध्ये अमेरिकेत वाणाचा प्रतिकार आणि मित्रकीटक यांची जोडी तपासली. प्रतिकारक वाण आणि परोपजीवी माशी एकत्र आल्यावर मावाही घटला, नुकसानही.

अर्थात ही जोडी नेहमीच जमते असे नाही. ज्वारीच्या पानाखालची लव खोडमाशीला अंडी घालू देत नाही, हे चांगलेच. पण टोमॅटोच्या चिकट लवेत बिचारा ट्रायकोग्रामाच अडकतो. म्हणून वाणाची परीक्षा मित्रकीटकांसह, उघड्या शेतात व्हायला हवी.

पोंग्याच्या अवस्थेतल्या मक्याची थोडी पाने खाल्ली गेली तरी पीक ती तूट बऱ्याच अंशी भरून काढते. पण भोके दिसताच पंप पाठीवर चढतो. फवारा पोंग्याच्या तळाशी दडलेल्या अळीपर्यंत पोचो न पोचो, पानावर फिरणारी माशी मात्र त्यात सापडते.