तेरवीनंतर आजीचं काय उरतं?

गोंदिया जिल्ह्यात घरची मोठी माय गेली की तेरवीला गाव जेवतं, वर्तमानपत्रात फोटोसह निधनवार्ता येते, आणि तिच्या पश्चात किती मुलं, सुना, नातवंडं आहेत हे त्यात दिलेलं असतं. प्रेमळ, कष्टाळू, मनमिळाऊ ही विशेषणंही असतात. ती खोटी नसतात. पण ती कोणत्याही आजीला लावता येतात, म्हणून त्यांतून ही एक बाई कोण होती ते कळत नाही. तिचं काम, तिचं ज्ञान आणि तिचे निर्णय तिच्या नावानिशी लिहून ठेवले, तरच ती पुढच्या पिढीला खऱ्या अर्थानं भेटेल, असं मला ठामपणे वाटतं.

आमगाव किंवा तिरोड्याकडच्या खेड्यात १९४० साली जन्मलेली बाई घ्या. ती जन्मली तेव्हा गाव मध्यप्रांत व वऱ्हाडात होतं. पुढे ते मध्य प्रदेशात, १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आलं. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा निघालेला गोंदिया हा तिचा नवा जिल्हा. ती चौदा वर्षांची असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर भंडारा मतदारसंघातून पोटनिवडणूक लढवत होते. एवढा इतिहास तिच्या दारावरून गेला, पण त्याबद्दल तिला कुणी विचारलं नाही. स्वतंत्र भारताच्या पहिल्या निवडणुकीत तर जवळपास २८ लाख स्त्रिया मतदार यादीबाहेर राहिल्या, कारण स्वतःचं नाव न सांगता त्यांनी अमक्याची बायको, तमक्याची आई एवढंच सांगितलं होतं. निधनवार्तेतली ‘पश्चात’ची यादी वाचताना मला त्या २८ लाख जणी आठवतात.

कामाचंही तसंच. नवेगावबांधचा विशाल तलाव कोलू पाटील कोहळी यांच्या नावाशी जोडला जातो, आणि तो मान रास्त आहे. पण पाळीवर माती वाहणारी माणसं अनामिक राहिली. आज धानाचा जिल्हा म्हणून आपण मिरवतो. त्या धानाची रोवणी चिखलात वाकून बायाच करतात. वरच्या बांधीत हलका धान, खोलगट बांधीत भारी धान, पऱ्हे उपटायला कधी घ्यायचे, बियाणं कोणतं राखायचं, मोहफुलं वाळवून कशी ठेवायची, हे अनेक घरांत आजीलाच नेमकं ठाऊक असतं. सातबाऱ्यावर बहुतेकदा तिचं नाव नसतं, म्हणून ती शेतकरी ठरत नाही. शेतकऱ्याची आई ठरते. तिच्याबरोबर जातं ते पिढ्यान्पिढ्या तपासलेलं शेतीचं ज्ञान, आणि ते परत मिळवायला दुसरी जागा नाही.

यावर कुणी म्हणेल, आपल्याकडे आठवण तोंडी जपण्याची रीत आहे. खरं आहे. सालेकसा तालुक्यातल्या कचारगडला माघ पौर्णिमेला गोंड समाज दूरदूरच्या राज्यांतून येतो, आणि तिथल्या कथेतली माता काली कंकाली आजही जिवंत आहे. मात्र ती टिकली, कारण अख्खा समाज दरवर्षी तिथे परत येतो. एका घरातल्या आजीला असं कुणी नसतं. नातवंडं नागपूर-पुण्याला पांगलेली असतात. दुसरा आक्षेप, साध्या बाईचं लिहिण्यासारखं असतं तरी काय? बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. मुलगा सोपानदेव आणि आप्तांनी ओळी उतरवून घेतल्या, म्हणून बहिणाबाईंच्या निधनानंतर १९५२ मध्ये त्यांच्या कवितांचा संग्रह आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह आपल्या हाती आला. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ या संशोधकांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, गाणाऱ्या बायांच्या नावा-गावांसकट. त्या साध्याच बाया होत्या.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: खरं लिहिलं तर जावांची भांडणं, जमिनीच्या वाटण्या, झाकलेली दुःखं बाहेर येतील. काय सांगायचं ते अर्थातच आजीनं ठरवावं. तिनं नको म्हटलेलं कागदावर येऊ नये. पण फक्त त्यागाची मूर्ती उभी केली की तिचा राग, तिचा हट्ट, तिनं घेतलेली बाजू पुसली जाते, आणि हा तिच्यावर नवा अन्याय आहे. नावाचं म्हणाल, तर १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात वडिलांच्या आधी आईचं नाव लिहिण्याचा निर्णय महाराष्ट्र सरकारनं घेतला. आजीच्या पिढीला त्याचा उपयोग नाही. तिच्या नावाची नोंद घरच्यांनीच करायची आहे. दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेला गावी जाल तेव्हा आजीजवळ बसा, तिची परवानगी घेऊन मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू करा, तिच्या झाडीबोलीत, पोवारीत किंवा गोंडीतच बोलू द्या, आणि सुरुवात तिच्या माहेरच्या नावापासून करा.