सोबतीला माणूस ठरवण्याआधी

अंबडसारख्या तालुक्याच्या गावातून लांब पल्ल्याच्या सायकलिंगला पहिल्यांदा निघणाऱ्याला घरचे आधी विचारतात, सोबत कोण आहे? मग ओळखीतला एखादा दणकट सायकलस्वार पैसे देऊन ठरवला जातो, नाहीतर मागे भाड्याची गाडी. घरच्यांची काळजी रास्तच आहे. पण आपण कशात भाग घेतोय हे न बघता घेतलेली मदत तुम्हाला बादही करू शकते.

‘बीआरएमला मागे गाडी असलेली बरी’

हा सर्वांत महाग पडणारा गैरसमज. बीआरएम म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राइड. त्या पॅरिसच्या ऑडॅक्स क्लबच्या नियमांनी चालतात. भारतात त्यांचं काम ऑडॅक्स इंडिया रॅन्डोनर्स पाहते. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७ आणि ६०० ला ४० तास मिळतात. इथे पहिला-दुसरा नंबर नसतो. स्वतःच्या बळावर वेळेत पोहोचणं, एवढीच कसोटी. त्यामुळे मागून गाडी चालवायला मनाई आहे. घरच्या माणसाला मदत करायचीच असेल तर ती फक्त ठरलेल्या कंट्रोलवर, म्हणजे वाटेतल्या तपासणीच्या ठिकाणी. दोन कंट्रोलच्या मध्ये त्याने पाण्याची बाटली जरी दिली तरी ती नियमबाह्य मदत ठरते.

मग पैसे देऊन आणलेला सायकलस्वार? त्याने स्वतः नोंदणी केली असेल तर तो तुमच्यासारखाच सहभागी. सहभागी एकमेकांच्या मागे राहून वारा चुकवू शकतात, पंक्चर काढायला हात लावू शकतात. नोंदणी नसताना तो सोबत आला तर ती बाहेरची मदत.

वाटेत टपरीवर चहा घेणं, दुकानातून केळी घेणं, गावातल्या दुकानात चाक दुरुस्त करून घेणं याला मात्र आडकाठी नाही, कारण ती सोय प्रत्येकालाच मोकळी आहे. म्हणून बीआरएमसाठी माणसावर खर्च करण्याऐवजी दोन जास्तीच्या ट्यूब, हवेचा पंप, चेन जोडायचं साधन, चांगले दिवे आणि रिफ्लेक्टिव्ह जॅकेट घ्या. आणि हे सगळं अंधारात वापरायला शिका.

‘सपोर्ट म्हणजे ड्रायव्हर’

पुणे ते गोवा ही सुमारे ६४० किलोमीटरची डेक्कन क्लिफहँगर किंवा अमेरिकेची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ (राम) यांचं गणित उलटं आहे. तिथे क्रू, म्हणजे गाडीतून सोबत राहणारे मदतनीस, हा स्पर्धेचाच भाग असतो. राममध्ये सुमारे ४,८०० किलोमीटर अंतर एकट्याने साधारण १२ दिवसांत कापायचं असतं. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये दोघांच्या संघात ती पूर्ण केली. २०१७ मध्ये श्रीनिवास गोकुलनाथ आणि पाठोपाठ नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी एकट्याने. त्यांच्या पायांइतकंच श्रेय क्रूचं आहे, असं मी मनापासून मानतो.

कारण तिसऱ्या रात्री स्वाराचा स्वतःबद्दलचा अंदाज चुकायला लागतो. भूक लागत नाही, तरी तासाला साठ-सत्तर ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. घाम वाहत असताना नुसतं पाणीच पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम घातक पातळीपर्यंत उतरू शकतं. पहाटे दोन ते पाच झोप अनावर होते. वीस मिनिटं झोपवायचं की पुढे काढायचं, हा निर्णय क्रूमधल्याच कुणाला तरी घ्यावा लागतो. म्हणून वेगवान सायकलस्वारापेक्षा शांत डोक्याचा, वहीत नोंदी ठेवणारा आणि वेळ आली तर ‘थांब’ म्हणू शकणारा माणूस शोधा. गाडीमागे लपून वारा चुकवण्याची मुभा इथे नसतेच.

‘आपल्याच रस्त्यावर सराव, त्याला काय सोबत?’

खरी गरज इथेच आहे. अंबड-वडीगोद्री रस्त्यावर गाळपाच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्या रात्रभर धावतात. कित्येकींना मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टरही नसतो. रात्रीच्या सरावाला जोडीदार हवाच, आणि त्याच्याकडे स्वतःचे दिवे हवेत.

भाड्याने गाडी घेणार असाल तर पिवळ्या पाटीचीच घ्या. खासगी नोंदणीची गाडी भाड्याने चालवणं बेकायदा आहे, आणि अपघात झाला तर विमा अडू शकतो. रात्रभर मागे राहायचं असेल तर ड्रायव्हर दोन ठेवा. झोपेला आलेला ड्रायव्हर तुमच्याच पाठीमागे असतो. पैसे, झोपण्याची वेळ, राइड अर्धवट सुटली तर परतीचा खर्च कोणाचा आणि थांबवण्याचा अधिकार कोणाचा, हे निघण्याआधी कागदावर लिहून तुम्ही आणि सोबत येणाऱ्यांनी सह्या करा.